अकरा निवळ नमुने

मलनिस्सारण खात्यात सगळे त्यांना निवळमास्तर म्हणत. मास्तर ते कुठल्याच शाळेत नव्हते. कारखाने, गॅरेजं, धुलाईकेंद्रं शहराच्या गटारात जे पाणी सोडतात त्याचे नमुने बाटलीत भरायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे, एवढंच त्यांचं काम. पण ते त्यांनी एकतीस वर्षं अशा निगुतीने केलं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ गटाराच्या कडेला बसून औषध भरतोय.

नाव पडलं त्याची गोष्ट ते स्वतःच दोन-दोनदा सांगत. नोकरीच्या पहिल्या वर्षी रंगाच्या कारखान्याच्या नाल्यातून त्यांनी गाळासकट बाटली भरून नेली. तेव्हाच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाई जिभेने तिखट. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हे पाणी आणलंयस की चिखल? माझे गाळणकागद तुझा बाप आणून देणार का?" मास्तर तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे. कान लाल झाले. त्या दिवसापासून त्यांनी आपली एक रीत बसवली. पाणी आधी बादलीत घ्यायचं. बादली सावलीत ठेवायची. घड्याळ लावून वीस मिनिटं हात लावायचा नाही. गाळ तळाला बसला आणि वर तवंग आला की तो पत्र्याच्या मगाच्या कडेने अलगद बाजूला सारायचा, आणि मधलं निवळशंख पाणी धार न मोडता बाटलीत ओतायचं. बाई खूश झाल्या. नमुना आणावा तर याने, असं चारचौघांत म्हणाल्या. तरुणपणी मिळालेली एक शाबासकी माणूस कुठवर पुरवील याला काही सुमार नसतो. मास्तरांनी ती निवृत्ती जवळ आली तरी पुरवली. रंगाचं, आम्लाचं, क्षाराचं पाणी असेपर्यंत त्या रीतीने फारसं कोणाचं बिघडलंही नाही.

खरं सांगायचं तर मास्तर थोडे आढ्यतेखोर होते. वर्षभरापूर्वी नवी नियमावली आली, चाळीस पानांची. सगळ्यांना वाटली आणि 'वाचली, समजली' म्हणून सही घेतली. मास्तरांनी पहिली चार पानं चाळली, जांभई दिली आणि शेवटच्या पानावर झोकात सही ठोकली. नमुना कसा घ्यायचा हे आता कागदाने त्यांना शिकवायचं म्हणजे फारच झालं, असं ते म्हणाले, आणि ऐकणारेही हसले.

त्याच वर्षी मोठ्या चौकातला जुना पेट्रोल पंप मोडायला काढला. जमिनीखालच्या टाक्या गंजून कधीपासून झिरपत होत्या. टाक्या उपसून काढायला खड्डा खणला तर त्यात जमिनीतलं पाणी भरलं, आणि त्या पाण्यात चाळीस वर्षांचं पेट्रोल. आता हे पाणी टाकायचं कुठे? खात्याने ठेकेदाराला परवाना दिला. पाणी आधी एका लोखंडी टाकीतून न्यायचं, तिथे वर आलेलं तेल काढून घ्यायचं आणि उरलेलं गटारात सोडायचं. अट एकच. लिटरमागे दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल त्यात असता कामा नये. दर गुरुवारी खात्याचा माणूस नमुना घेईल. आकडा दहाच्या वर गेला की त्याच दिवशी झडप बंद, आणि पुढचं सगळं पाणी टँकरने शहराबाहेर. म्हणजे एवढा सगळा डोलारा गुरुवारच्या एका बाटलीवर उभा होता, आणि बाटली म्हणजे मास्तर.

मास्तर अकरा गुरुवार गेले. बादली, सावली, वीस मिनिटं. ठेकेदाराचा मुकादम त्यांच्यासाठी खुर्ची टाकून ठेवी आणि तेवढ्या वेळात चहा पाजी. अकरा वेळा आकडा आला तो दोन, अडीच, एकदा तीन. परवान्यावर अकरा शिक्के पडले. बाराव्या आठवड्याच्या आधी, शनिवारी, खड्ड्याच्या तळाचं शेवटचं पाणी उपसून झालं आणि ठेकेदाराने सुटकेचा श्वास टाकला.

त्या चौकाचं गटार पुढे दीड मैलावर एका उपसा केंद्रात जातं. जमिनीखाली खोल हौद, त्यात शहराचं सांडपाणी गोळा होतं आणि मोटरींनी वर खेचून पुढे ढकललं जातं. तिथे काम करणारे त्याला नुसतं 'विहीर' म्हणतात. त्या विहिरीवर दिवसपाळीला मास्तरांचा जावई होता.

मास्तरांनीच शब्द टाकून त्याला खात्यात चिकटवलं होतं. पोरगा हसतमुख, हाताला चलाख, मोटरीचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा. सासऱ्याची टिंगल करायची त्याला एकट्यालाच परवानगी होती. "मामा, तुम्ही पाणी निवळवता आणि मी ढवळतो," तो म्हणायचा, "पण बोलायचं काम नाही, दोघांचं पोट एकाच गटारावर." मास्तर वरवर रागावत आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कचेरीत ऐकवत. त्यांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, तिला चार वर्षांची लेक, आणि हा जावई. त्यांचं त्याच्यावर मुलासारखं प्रेम होतं, हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याने मोटरीचं बटण दाबलं आणि विहिरीच्या तोंडाशी साचलेल्या वायूने पेट घेतला. छपराचे पत्रे रस्त्यापलीकडे जाऊन पडले. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो बोलत होता म्हणे. दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणं थांबलं होतं.

चौकशी बसली आणि महिन्याभरात अहवाल आला. मुलगी तोवर लेकीला घेऊन माहेरी आली होती. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर ती अहवाल पसरून बसायची. सहा पानं होती, पण तिला चौथ्या पानावरचा एकच परिच्छेद पाठ झाला होता. त्यात लिहिलं होतं की गटारात सोडलेल्या पाण्याचे सलग अकरा नमुने मर्यादेत असल्याने वायू त्या पाण्यातून आल्याची शक्यता दिसत नाही. जागेवर एक चेपलेला पत्र्याचा डबा सापडला आहे. सबब, मयत कर्मचाऱ्याने मोटरीचे भाग पुसण्यासाठी नियमाविरुद्ध पेट्रोल आणलं असावं आणि अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला, असं मत होतं. हरकत असल्यास पंधरा दिवसांत.

"बाबा, ह्यांनी पेट्रोलने कधी पाना पुसलाय?" ती म्हणाली. "घरात रॉकेलची बाटली ठेवू द्यायचे नाहीत. डबा ग्रीसचा होता. मी स्वतः पाहिलाय तो, त्यात ब्रश असायचा."

मास्तरांनी चौथं पान ओढून पुन्हा वाचलं.

"तुम्ही प्रयोगशाळेत जा. तुमचे आकडे बघा. कोणीतरी फिरवलेत ते. तुम्ही बाटली बरोबरच भरली असणार, तुमच्या बाटलीबद्दल मला काही म्हणायचंच नाही. पण ठेकेदाराने नंतर कोणाचा तरी हात ओला केला असेल." तिने पान उलटं केलं. "उद्या ही शाळेत जाईल. बाप कसा गेला म्हणून कोणी विचारलं तर काय सांगू? स्वतःच्या चुकीने गेला? सरकारी कागद आहे बाबा, तो कायम राहतो."

बापाला तिचं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा त्यांना त्यात हुरूप आला. महिनाभर त्यांचे हातपाय गळाले होते. आता करण्यासारखं काहीतरी सापडलं. आपले अकरा नमुने कोणीतरी नासवले, ह्या विचाराने ते इतके संतापले की दुसऱ्या दिवशी बस यायची वाट न बघता प्रयोगशाळेपर्यंत चालत गेले.

तिखट बाई कधीच्या निवृत्त झाल्या होत्या. आता तिथे एक तरुण केमिस्ट होती, कामाला चोख, मोजकं बोलणारी. मास्तरांनी आल्या आल्या आवाज चढवला. तिने ऐकून घेतलं, कपाटातून फाइल काढली आणि यंत्राचे छापील कागद एकेक करून त्यांच्यासमोर मांडले. तारीख, बाटलीचा क्रमांक, आकडा. रजिस्टरमध्ये तोच, परवान्यावर तोच. काना-मात्रेचा फरक नव्हता.

"काका, तुमचं दुःख मला समजतं," ती म्हणाली. "पण इथे कोणी काही फिरवलेलं नाही. जे बाटलीत होतं ते यंत्राने सांगितलं."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते उठायला लागले, तेवढ्यात तिने विचारलं, "एक शंका विचारू? जुन्या पेट्रोल पंपाचं पाणी आणि आकडा दोन, हे मला तेव्हाही थोडं नवल वाटलं होतं. तुम्ही बाटली भरता कशी?"

महिन्याभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना आदराने काही विचारत होतं. ते पुन्हा बसले. पाठ ताठ झाली. बादली कुठली, सावली का, वीस मिनिटंच का, तवंग कसा सारायचा, धार कशी मोडू द्यायची नाही, सगळं त्यांनी हाताने दाखवून सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा जरा उजळलाही होता. मग त्यांच्या लक्षात आलं की ती बाई टेबलाकडे बघते आहे, आपल्याकडे नाही.

"तिथे पेट्रोलचा वास नव्हता येत?" तिने हळू विचारलं.

"पेट्रोल पंपाचा खड्डा तो, वास यायचाच."

सह्या झालेल्या नियमावल्या प्रयोगशाळेतच ठेवत; तिने मास्तरांची प्रत काढली. सत्ताविसावं पान. पेट्रोलमिश्रित पाण्याचा नमुना कोणत्याही भांड्यात न घेता थेट धारेखाली काचेच्या बाटलीत घ्यावा. बाटली काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू नये, झाकण तत्काळ लावावं, बाटली बर्फात ठेवावी. पाणी उघड्यावर ठेवू नये, पेट्रोल हवेत उडून जातं. तवंग वेगळा करू नये. ती वाचत होती आणि मास्तर तिच्या बोटाकडे पाहत होते. शेवटच्या पानावर त्यांचीच झोकदार सही होती, पण ते पान तिने उलटलं नाही.

"वीस मिनिटांनी एवढं काय होतंय?" मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

तिने वाद घातला नाही. खाली जाऊन आपल्या स्कूटरच्या टाकीतून चमचाभर पेट्रोल आणलं, बादलीभर पाण्यात टाकलं आणि काठीने खूप ढवळलं. एक बाटली तशीच पाण्यात बुडवून भरली, आतल्या आत झाकण लावलं, उलटी करून बुडबुडा नाही ना ते पाहिलं. "आता तुमची रीत करा," ती म्हणाली.

मास्तरांनी बादली खिडकीपासून दूर सावलीला सरकवली. घड्याळ लावलं. वीस मिनिटं बादलीला हात लावला नाही. मग त्यांनी मगाच्या कडेने तवंग सारला आणि मधलं पाणी बाटलीत ओतलं. अशा वेळीही धार मोडली नाही. एकतीस वर्षांचा सराव असा निर्लज्ज असतो.

यंत्राला दीड तास लागला. मास्तर बाकावर बसून होते. तिने दोन कागद आणून शेजारी शेजारी ठेवले. तिच्या बाटलीचा आकडा एकशे बारा होता. मास्तरांच्या बाटलीचा, सहा.

तिने पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं. पहिल्याच गुरुवारी एकशे बारा सोडा, अकरा जरी आले असते तरी त्याच दिवशी झडप बंद झाली असती. झडप बंद असती तर विहिरीत फक्त रोजचं घाण पाणी असतं. पोरगा बटण दाबून, हात पुसून जेवायला बसला असता. ह्यात कुठेच मधे कोणी नव्हतं, ना लाचखाऊ कारकून ना ठेकेदार. मास्तरांनी सगळीकडून शोधलं, तर फक्त त्यांची बादली सापडत होती.

घरी गेल्यावर मुलीने विचारलं, "काय झालं?" मास्तर म्हणाले, "कागद शोधायला वेळ लागतोय." जन्मात तिच्याशी एवढं मोठं खोटं ते पहिल्यांदा बोलले असतील. चार दिवस ते तसेच राहिले. नात मांडीवर येऊन बसायची, तिच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांना आपल्या हाताची भीती वाटायची. पाचव्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि चौकशी अधिकाऱ्याकडे गेले.

अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना बसवलं, दार लावून घेतलं, सगळं मधे न बोलता ऐकलं. दोन कागद पाहिले. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मास्तर, तुमचं म्हणणं मी लिहून घेतो. पण त्याने काय होईल ते आधी ऐका. तो खड्डा बुजवून त्यावर काँक्रीट झालंय. विहीर धुऊन काढलीय. जुन्या बाटल्यांतलं पाणी नियमाप्रमाणे टाकून दिलंय. आता खात्याकडे आहेत ते तुमचे अकरा नमुने, आणि हा प्रयोगशाळेतल्या बादलीचा एक खेळ."

"खेळ नाही तो साहेब. मी चुकलो. मी लिहून देतो, मला काढून टाका."

"तुम्ही त्याचे सासरे आहात." अधिकारी हे शक्य तितक्या मऊपणे म्हणाला. "लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याचे निवृत्तीचे चार महिने राहिलेत, जावयाचं नाव धुवायला अंगावर घेतोय. एकतीस वर्षांत तुमचा एक नमुना परत आलेला नाही. ठेकेदाराचा वकील हेच म्हणेल, की निवळमास्तरांचा नमुना चुकेल कसा? माझ्या वरची माणसं तुमच्या बाटलीवर विश्वास ठेवतील. तुमच्यावर नाही ठेवणार."

ज्या लौकिकासाठी त्यांनी जन्म घालवला तो असा आडवा येऊन उभा राहील, हे कोणी सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं. खोटं पाणी खरं ठरलं होतं आणि खरं बोलणं खोटं. त्यांनी जबानी दिली, सही केली. ह्या वेळी सगळी पानं वाचून सही केली. उपयोग शून्य.

आता घर उरलं होतं. वाटेत त्यांच्या मनात येऊन गेलं की नाही सांगितलं तर काय बिघडणार आहे. जबानी फायलीत पडून राहील, मुलगी कारकुनांना आणि ठेकेदाराला शिव्या देत राहील, आणि बाप तिला बापच राहील. पण हरकत घ्यायला चार दिवस उरले होते, आणि ती रोज कोणीतरी आकडे फिरवले म्हणून मसुदा लिहीत होती. तिला खोट्यावर भांडायला कसं पाठवायचं? तिचा हक्क आहे खरं कळण्याचा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे बरोबरच होतं. पण एवढंच नव्हतं. ओझं एकट्याने वाहवत नव्हतं, बायकोला ते झेपलं नसतं, आणि दुसरं कोणी माणूस नव्हतं ज्याच्यापुढे ते उतरवावं.

बायको नातीला घेऊन बाहेर गेली होती. मुलगी टेबलाशी बसली होती. मास्तर समोर बसले आणि त्यांनी सांगितलं. बादली, वीस मिनिटं, सत्ताविसावं पान, सहा आणि एकशे बारा. अधिकारी काय म्हणाला तेही. एकदाही थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुढे बोलवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

ती ओरडेल, निदान उठून जाईल, असं त्यांना वाटलं होतं. तेवढी शिक्षा मिळावी म्हणूनच बहुधा ते सांगत होते. ती बसून राहिली. मग तिने पेनाचं टोपण लावलं.

"बाबा, ह्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"विहिरीवर पेट्रोलचा वास येतोय म्हणून. आठ दिवस सांगत होते. डोकं धरायचं त्यांचं. रविवारी रात्री जेवताना म्हणाले, उद्या मी मोटर चालू करत नाही. आधी तक्रार लिहून देतो, चौकाकडचं पाणी परत तपासा म्हणून." तिचा आवाज सपाट होता. "मी चिडले. मी म्हटलं, तक्रार कोणाविरुद्ध करताय, बाबांच्या? नमुना त्यांनी घेतलाय, पास झालाय. त्यांनी तुम्हाला नोकरी लावली आणि तुम्ही त्यांना खाली बघायला लावणार? तिथे गटार आहे, वास यायचाच. निर्धास्त जा."

तिने पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

"ते हसले. म्हणाले, बरं बाई, तुझा बाप म्हणतो तर वास नाही. आणि सोमवारी गेले."

बाहेर कोणीतरी जिना चढून वर गेलं. ती टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत होती, जुळल्या तरी जुळवत होती.

"म्हणून मी आकडे फिरवले, आकडे फिरवले म्हणत होते. कोणीतरी मुद्दाम केलं असतं तर पाप त्याचं झालं असतं. मग मी त्यांना निर्धास्त जा म्हटलं त्यात माझीही फसवणूकच झाली, असं म्हणता आलं असतं मला. तुम्ही बरोबर असायला हवे होतात बाबा. एवढंच हवं होतं मला."

आपण ओझं उतरवलं नाही, तिच्या डोक्यावर ठेवलं, हे मास्तरांना तेव्हा कळलं. तिच्याजवळ एक खोटी आशा होती, तिच्यावर ती कशीबशी उभी होती, आणि तीही त्यांनी प्रामाणिकपणाच्या नावाखाली काढून घेतली होती. त्यांना हात पुढे करावासा वाटला. केला नाही.

हरकत तिने घेतली. वासाचं लिहिलं, तिने स्वतः काय सांगितलं तेही लिहिलं, एक शब्द न लपवता. मास्तरांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली. तिच्या तोंडचं 'निर्धास्त जा' हे त्यांना स्वतःच्या हाताने लिहावं लागलं. आठव्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं. दोन्ही विधानं मयताच्या जवळच्या नातेवाइकांची असून त्यांना अन्य पुराव्याचा आधार नाही. प्रयोगशाळेचे अकरा नमुने मर्यादेत आहेत. अहवाल कायम करण्यात येत आहे.

पुढच्या रविवारी मुलीने दोन बॅगा भरल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मैत्रिणीने एक खोली पाहिली होती. आई रडली, इथे काय कमी आहे म्हणाली. मास्तर नातीचे बूट बांधत होते. गाठ नीट बसेना, म्हणून दोनदा सोडून परत बांधली.

दारात मुलगी त्यांच्याजवळ थांबली. "तुमच्यावर राग नाही माझा," ती म्हणाली. "खरंच नाही. पण तुम्ही समोर बसलात की मला माझं बोलणं ऐकू येतं."

मास्तरांनी बॅगा खाली रिक्षापर्यंत नेऊन ठेवल्या. थांब म्हणावं, असं एक कारण त्यांना सापडलं नाही.